फुकट खेळ आणि खोटी मापे

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, थोड्या संक्षेपाने)



ग्राहकाच्या हक्कांविषयी बोलण्यासाठी आपण मला बोलावले आहे. ह्या विषयावर बोलावयाचे म्हणजे भेसळीचे तेल, वजनात मारलेला काटा, छापील किमतीपेक्षा जास्त उकळलेले पैसे अशा ओळखीच्या गोष्टींवर बोलावयाचे, असा रिवाज आहे. आज मी तो थोडा मोडणार आहे. मी एका खेळाविषयी बोलणार आहे, आणि तो खेळ फुकट आहे. जी वस्तू फुकट मिळते तिच्या बाबतीत ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न येतोच कोठे, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल, तर त्या शंकेचे उत्तर शोधण्याचाच हा प्रयत्न आहे.

येथे बसलेल्या तरुणांना हे खेळ माहीत आहेत. वडीलधाऱ्या मंडळींसाठी चार शब्द सांगतो. संगणकावर किंवा फोनवर एक कल्पित जग उभे केलेले असते. खेळणारा त्यात एखादे पात्र घेऊन उतरतो; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धनुर्धर. त्याच वेळी हजारो माणसे आपापली पात्रे घेऊन त्या जगात वावरत असतात. राक्षस मारावेत, गुण मिळवावेत, पायरीपायरीने वर चढावे, शस्त्रे-चिलखते जमवावीत, एकट्याला न झेपणारी मोहीम चार जणांनी मिळून पार पाडावी, असा हा सारा व्यवहार. ह्या प्रकाराचे मूळ १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात सापडते. रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने असा पहिला खेळ रचला आणि रिचर्ड बार्टल ह्या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो पुढे नेला. पडद्यावर चित्र नव्हते, नुसती अक्षरे होती. तरीही मुले रात्र-रात्र त्यात रमत. ह्या खेळांत खरा आनंद आहे, हे मी आधीच मान्य करतो. परक्या गावच्या, कधी न पाहिलेल्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून लढण्यात, त्याच्याशी मैत्री जुळण्यात वाईट काही नाही. खेळाला नावे ठेवण्यासाठी मी येथे उभा नाही. माझे भांडण आहे ते खेळाच्या आत थाटलेल्या दुकानाशी.

पूर्वी असे खेळ चालविणाऱ्या कंपन्या बहुधा मासिक वर्गणी घेत. नाटकाचे तिकीट काढावे तसा तो सरळ व्यवहार होता. ह्या शतकाच्या आरंभी, विशेषतः दक्षिण कोरियात, दुसरी पद्धत रूढ झाली. खेळ फुकट द्यावयाचा आणि खेळाच्या आत दुकान उघडावयाचे. त्याला 'कॅश शॉप' म्हणतात. पात्राचे कपडे, केशरचना, जलद प्रगतीची औषधे, शस्त्राची धार वाढविणारे जादूचे पदार्थ तेथे खऱ्या पैशाने विकत मिळतात. २००३ साली नेक्सॉन ह्या कंपनीने कोरियात सुरू केलेला 'मेपलस्टोरी' हा ह्या पद्धतीचा नामांकित नमुना. त्याची हकीकत मी पुढे सविस्तर सांगणार आहे, कारण ती आयोगाच्या आणि न्यायालयाच्या दप्तरात नोंदली गेली आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम 'फुकट' ह्या शब्दाचा अर्थ पाहू. अशा खेळातील बहुसंख्य खेळाडू एक पैसाही देत नाहीत. कंपनीचा गल्ला भरतो तो थोड्याशा भरघोस खर्च करणाऱ्यांमुळे. मग कंपनी बाकीच्यांना आत का घेते? त्यांच्यावाचून दुकान चालत नाही म्हणून. ओसाड गावात जरीचा फेटा बांधून कोणी मिरवत नाही. झगमगती तलवार विकत घेणाऱ्याला ती पाहणारे डोळे हवे असतात, त्याच्या पाठीमागे चालणारे सोबती हवे असतात, त्याच्याकडून हरणारे प्रतिस्पर्धी हवे असतात. ही गर्दी फुकट खेळणारा पुरवितो. तो स्वतःला पाहुणा समजतो, परंतु त्या दुकानाच्या मांडणीत तोही मालाचाच एक भाग असतो. पैशाऐवजी तो आपले तास देतो, आणि त्या तासांचा मोबदला त्याला मिळत नाही.

दुसरी गोष्ट अडचणींची. प्रत्येक खेळात अडचणी असतातच; त्यांच्यावाचून खेळाला गोडी नाही. पण जो खेळ तिकिटावर चालतो तेथे अडचण किती असावी हे रंगत किती वाढते ह्यावरून ठरते. जेथे अडचणीतून सुटका विकावयाची असते तेथे ती दुकानाच्या सोयीने ठरू लागते. पुढची पायरी चढण्यास तीस तास लागतील अशी रचना करावयाची आणि शेजारीच ते दहा तासांत आणणारे औषध विकावयाचे! एखाद्याने वाटेवर काटे पसरावेत आणि पुढच्या वळणावर स्वतःच वहाणांचे दुकान मांडावे, तसला हा प्रकार. रचना करणारा आणि विक्री करणारा एकच असल्यामुळे कोणता काटा मूळचा आणि कोणता पसरलेला, हे वाटसरूला कधीच कळत नाही.

तिसरी गोष्ट नाण्यांची. ह्या दुकानांत बहुधा रुपये थेट चालत नाहीत. रुपये देऊन रत्ने घ्यावयाची, कधी त्या रत्नांची दुसरी रत्ने करावयाची, आणि मग वस्तू घ्यावयाची. चहाच्या मळ्यांतील मजुरांना एके काळी मळ्यापुरतीच चालणारी बिल्ल्यांसारखी नाणी मिळत, हे आपण इतिहासात वाचले आहे. त्या नाण्याने मजूर मळेवाल्याच्या हिशेबाला बांधला जाई. येथे बांधणी उलट्या दिशेची आहे, पण हेतू जवळचा आहे. माणसाला आपल्या खिशातून खरोखर किती गेले ह्याचा हिशेब तुटावा, हा तो हेतू. 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा २०२० साली आलेला गाजलेला खेळ घ्या. त्यात एका सोडतीला १६० रत्ने लागतात. उत्तम प्रतीचे पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे. ९० सोडतींच्या आत एक उत्तम पात्र नक्की मिळते, पण ते आपल्याला हवे तेच असेल ह्याची खात्री पहिल्या वेळी नसते. ह्या खेळाच्या वितरक कंपनीने २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी तडजोड करून २ कोटी डॉलर दंड मान्य केला. नाण्यांच्या ह्या गुंतागुंतीमुळे खरी किंमत झाकली जाते, हा आयोगाच्या आरोपांपैकी एक होता. सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून अशा सोडती विकता येणार नाहीत, अशी अटही त्या तडजोडीत आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ह्या दुकानांतील सर्वांत किफायतशीर माल म्हणजे सोडत. तुम्ही वस्तू विकत घेत नाही. वस्तू मिळण्याची शक्यता विकत घेता. आपल्याकडे सोडतीचा इतिहास मोठा आहे. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. त्याच दशकात मुंबईत मटक्याचा धंदा फोफावला आणि कितीतरी कामगारांचे पगार त्यात बुडाले. मटक्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. मटक्यात एका आकड्यावर रुपया लावला तर आकडे दहा, आणि लागला तर नऊ रुपये मिळणार, हे लावणाऱ्याला ठाऊक होते. आपण किती नागवले जात आहोत हे तो बोटांवर मोजू शकत होता. मोजत नव्हता ही गोष्ट वेगळी. फुकट खेळातील सोडतीत हे मोजमापच विक्रेत्याच्या कुलपात असते. ते कुलूप उघडल्यावर काय दिसले, हे आता सांगतो.

मेपलस्टोरीत २०१० सालच्या मे महिन्यात 'क्यूब' नावाची वस्तू विक्रीला आली. क्यूब म्हणजे एक जादूचा ठोकळा. तो आपल्या शस्त्रावर वापरला की शस्त्राच्या अंगी असलेले तीन गुण नव्याने पडतात, फासे पुन्हा टाकावेत तसे. शस्त्राची प्रतही कधी एका पायरीने वर जाते. एका ठोकळ्याची किंमत प्रकाराप्रमाणे १,२०० किंवा २,२०० वॉन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ७५ किंवा १४० रुपये होती. हवे ते गुण पडेपर्यंत माणूस ठोकळ्यामागून ठोकळा घेत राही. खेळाच्या एकूण विक्रीपैकी सुमारे ३० टक्के ह्या एका वस्तूतून येई. दक्षिण कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाने चौकशी केली आणि २०२४ च्या जानेवारीत निर्णय जाहीर केला. त्यात असे दिसून आले की क्यूब विक्रीला येताना सर्व गुण सारख्याच शक्यतेने पडत होते. २०१० च्या सप्टेंबरात कंपनीने लोकांना हव्या असलेल्या गुणांची शक्यता गुपचूप कमी केली. २०११ च्या ऑगस्टपासून काही लोकप्रिय गुणांची तिहेरी जुळणी मुळी पडणारच नाही, अशी व्यवस्था केली. त्याच वेळी, क्यूबच्या कामात काहीही बदल झालेला नाही, असे निवेदन कंपनीने प्रसिद्ध केले! ही स्थिती २०२१ च्या मार्चपर्यंत, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ टिकली. ज्या डब्यात बक्षिसाची चिठ्ठी घातलेलीच नाही त्या डब्यातून चिठ्ठ्या काढण्यासाठी माणसे पैसे मोजत राहिली. एका खेळाडूने एका वर्षात क्यूबवर २८ कोटी वॉन, म्हणजे सुमारे पावणेदोन कोटी रुपये, खर्च केल्याचे आयोगाला आढळले.

दुसरा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो अधिक सौम्य दिसतो. २०१३ साली 'काळा क्यूब' आला. त्याने शस्त्र सर्वोच्च प्रतीला जाण्याची शक्यता आरंभी १.८ टक्के होती. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत ती टप्प्याटप्प्याने १.४ टक्क्यांवर आणि २०१६ च्या जानेवारीत १ टक्क्यावर आणली गेली. खेळाडूंना कोणी काही सांगितले नाही. टक्क्याच्या अपूर्णांकांची ही गोष्ट ऐकण्यास क्षुल्लक वाटते. आपण तिचा हिशेब मांडू. १.८ टक्के शक्यता म्हणजे सरासरीने ५५-५६ ठोकळ्यांमागे एकदा यश. १ टक्का म्हणजे १०० ठोकळ्यांमागे एकदा. नगाला २,२०० वॉन धरले तर पहिल्या वेळी यशाची सरासरी किंमत सुमारे १ लाख २२ हजार वॉन होती; नंतर ती २ लाख २० हजार झाली. ही ८० टक्क्यांची भाववाढ आहे! दुकानातील किमतीची पाटी मात्र जागची हललेली नाही. आणखी एका रीतीने पाहा. शंभर माणसांनी प्रत्येकी शंभर ठोकळे वापरले, तर पहिल्या शक्यतेने त्यांपैकी सुमारे १६ जण रिकाम्या हाताने परततील. दुसऱ्या शक्यतेने सुमारे ३७. ह्या जास्तीच्या २१ जणांपैकी प्रत्येकाला वाटणार की आपले नशीब फुटके. वाण्याने शेराचे माप आतून ठोकून लहान करावे आणि घरी धान्य कमी भरले की बाईने आपल्याच हाताला दोष द्यावा, तशी ही स्थिती. आपल्या भाषेत ह्याला 'मापात पाप' असा नेमका शब्द आहे.

कंपनीची बाजू सांगणे न्यायाचे होईल. तिचे म्हणणे असे की त्या काळी शक्यता जाहीर करण्याचे बंधन कायद्यात नव्हते. हे खरे आहे. कोरियातील खेळ-उद्योगाने २०१५ पासून स्वयंनियमनाचा मार्ग स्वीकारला होता, आणि त्या स्वयंनियमनाच्या काळातही हा प्रकार चालूच राहिला. आयोगाने ११.६ अब्ज वॉन, म्हणजे सत्तर कोटी रुपयांच्या पलीकडे, दंड केला. कंपनीने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पण आयोगाच्या आधी ज्यांनी हा प्रश्न उभा केला त्यांचे श्रेय विसरता कामा नये. ते होते साधे खेळाडू. २०२१ च्या फेब्रुवारीत कंपनीच्या एका सूचनेत, यापुढे अमुक गुण 'सारख्या शक्यतेने' पडतील, असे वाक्य आले. खेळाडूंनी विचारले, मग आजवर ते कशा शक्यतेने पडत होते? त्यांनी वर्गणी काढून ट्रक भाड्याने घेतले, त्यांवर विजेच्या फलकांतून आपल्या मागण्या झळकविल्या आणि ते कंपनीच्या कचेरीसमोर आणि राष्ट्रीय विधिमंडळासमोर उभे केले. अनेकांनी खेळ सोडला. मार्चमध्ये कंपनीला आकडे जाहीर करावे लागले, आणि तेव्हा शून्याचे रहस्य बाहेर पडले. २०२३ च्या फेब्रुवारीत विधिमंडळाने शक्यता जाहीर करणे सक्तीचे करणारी दुरुस्ती मंजूर केली. ती २०२४ च्या २२ मार्चपासून अंमलात आली. त्याच वर्षी सरकारी ग्राहक-संस्थेने सुमारे ८ लाख खेळाडूंना एकूण सुमारे २१.९ अब्ज वॉन भरपाई देण्याची तडजोड घडवून आणली. एका खेळाडूने एकट्याने चालविलेल्या दाव्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला खर्चाच्या ५ टक्के परत देण्याचा निकाल कायम केला. ५ टक्के म्हणजे फार थोडे, असे आपण म्हणाल. पण फसवणूक सिद्ध करण्याचा भार तेव्हा खेळाडूवर होता आणि पुरावा कंपनीच्या यंत्रात होता. तो भार कंपनीवर टाकणारी आणि हेतुपुरस्सर फसवणुकीला तिप्पट भरपाईची तरतूद करणारी दुरुस्ती २०२५ मध्ये अंमलात आली.

येथे दोन गोष्टी जोडल्या पाहिजेत. कंपनीत काम करणारे तरुण कारागीर हे आपले प्रतिपक्षी नव्हेत. रात्री उशिरापर्यंत जादा काम आणि त्या कामाचा ठराविक पगारातच समावेश, ह्या प्रथेविरुद्ध त्यांनीच २०१८ साली कोरियातील खेळ-उद्योगातली पहिली कामगार संघटना ह्याच कंपनीत उभी केली. दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. कंपनीच्या संस्थापकाचे २०२२ साली निधन झाले, आणि वारसांनी वारसाकरापोटी मूळ धारक कंपनीचे सुमारे २९ टक्के भाग सरकारला दिले. २०२३ साली कोरियाचे सरकार त्या धारक कंपनीचे दुसऱ्या क्रमांकाचे भागधारक झाले! भागभांडवल सरकारकडे आले म्हणून माप आपोआप खरे होत नाही, हे आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवले पाहिजे. विक्रीच्या लाभाचा वाटेकरी आणि मापाचा निरीक्षक ह्यांच्यात भिंत असावी लागते, मग तो वाटेकरी खाजगी असो वा सरकारी.

आता आपल्याकडे पाहू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि इतर खेळांना उत्तेजन देण्याचे ठरविले. ह्या कायद्याची कसोटी अशी की, लावलेल्या पैशाच्या मोबदल्यात पैसा किंवा तत्सम लाभ मिळण्याची आशा आहे काय? कॅश शॉपमध्ये पैसा फक्त आत जातो. बाहेर काहीच येत नाही. जिंकलेली तलवार बाजारात मोडता येत नाही. म्हणजे जुगारात जे थोडेफार परत मिळण्याची आशा असते तीही येथे नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने ही सोडत त्या कसोटीतून सुटते. कायद्याने जुगाराचे दार बंद केले आणि ज्या दुकानातून काहीच परत येत नाही त्याचे उघडे राहिले.

ह्यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, खेळा म्हणून सांगितले कोणी? प्रौढ माणसाने आपला पैसा कशावर उडवावा हा त्याचा प्रश्न आहे. मान्य आहे. पण प्रौढ माणसाची निवड म्हणजे किंमत माहीत असून केलेली निवड. ज्याची किंमत आदल्या रात्री गुपचूप बदलली आहे त्याने सकाळी केलेल्या खरेदीला स्वातंत्र्य म्हणणे ही थट्टा आहे. दुसरा आक्षेप उलट दिशेचा. हे खेळच बंद करा, मुले वाया जातात! चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ खेळण्याची मुभा ठेवली. मला हा मार्ग पटत नाही. त्यात शिक्षा खेळणाऱ्याला होते आणि दुकानाची मापे त्या एका तासापुरती तशीच राहतात. जपानने २०१२ साली सोडतींचा एक विशेष फसवा प्रकार बेकायदा ठरविला, बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली काही खेळांतील सशुल्क सोडती जुगाराच्या व्याख्येत बसविल्या. ह्या उपायांचा रोख दुकानावर आहे, म्हणून ते अधिक शहाणपणाचे वाटतात.

आपल्या बाजारात किराणा दुकानदाराला वजनांवर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. तो शिक्का दुकानदार चोर आहे म्हणून मारलेला नसतो. ज्याच्या हाती माप आहे त्याच्यावर तपासणी हवी, ह्या साध्या तत्त्वाने मारलेला असतो. हेच तत्त्व येथे लागू करावे, एवढीच माझी मागणी आहे. प्रत्येक सशुल्क सोडतीची शक्यता खरेदीच्या जागीच, मराठीसह खेळाडूच्या भाषेत छापलेली असावी. तीत बदल केला तर तो तारखेसह आगाऊ जाहीर व्हावा. जाहीर आकडा आणि यंत्रातील आकडा एकच आहे ह्याची तपासणी स्वतंत्र निरीक्षकाने करावी. किंमत रत्नांत नव्हे, रुपयांत लिहावी, आणि महिन्याचा एकूण खर्च खेळाडूला ठळकपणे दिसावा. अज्ञान मुलांना सोडत विकू नये. वाद झाल्यास माप खरे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असावी.

आणि तरुण मित्रांनो, हे सारे दिल्लीहून येण्याची वाट पाहत बसू नका. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र येऊन महिन्याचा माल सामुदायिक रीतीने घेण्यापासून. तुम्ही तर रोज टोळ्या बांधून मोहिमा पार पाडता! त्याच टोळीने एक वही घालावी. कोणी किती सोडती घेतल्या, काय निघाले, ह्याची तारीखवार नोंद ठेवावी. एकट्याचा अनुभव म्हणजे नशीब. पाचशे जणांची नोंद म्हणजे पुरावा होऊ शकतो. आणि घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती अशी की, मुलाच्या हातातील फोन हिसकावण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून ते दुकान एकदा पाहा, आणि त्याला विचारा, ह्या वस्तूचे रुपयांत किती होतात? बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसेल. तेथून बोलण्यास सुरुवात करता येईल.